पडद्यावरच्या पाच पायऱ्या

तुमच्या घरात, भिंतीवर नाहीतर ट्रंकेत, नवरा-बायकोचा जोडीनं काढलेला फोटो आहे का? असेल तर एक सांगा — तो चार लोकांना दाखवायच्या आधी त्यातल्या बाईला कुणी विचारलं होतं का?

मी विचारलं नव्हतं. मी विचारायच्या आधीच तिनं 'नको' सांगितलं होतं. आणि मी 'बरं' म्हटलं होतं.

या सदरात लोक अंगात येण्याचे, चकव्याचे अनुभव लिहितात. मी त्यातला नाही. भूत, करणी, भानामती यांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. उलट त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं काढत आलो. आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. निजामाच्या काळात वडील ती लपूनछपून वाटायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यावरूनच त्यांनी मला अक्षरओळख करून दिली. छापलेला कागद खोटा निघू शकत नाही असं मला लहानपणापासून वाटत आलं... म्हणून हे लिहिणं जड जातंय.

मी तामलवाडीचा. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात शकुंतलेशी माझं लग्न झालं. ती माकणीची. तिच्या वडिलांनी स्थळ पसंत केलं होतं; ती त्यांना आण्णा म्हणायची, मी मामा. बिघडलं ते लग्नाच्या पद्धतीवरून. मला मुहूर्त नको होता, वाजंत्री नको होती. आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन दोन हार घातले. मामा आले नाहीत. त्यावर मी कळस चढवला — त्या लग्नाचं पत्रक काढलं, शकूच्या आणि तिच्या वडिलांच्या नावासकट. माकणीच्या लोकांनी ते बाजारात मामांना मोठमोठ्यानं वाचून दाखवलं.

आठ दिवसांनी तिच्या आईकडून निरोप आला. "त्येंनी सांगितलंय, पोरीचं नाव नाहीतर तोंड पुन्हा कागदावर दिसलं, तर तिनं हा उंबरा इसरावा."

 शकू तेव्हा तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जायची. दुसऱ्या दिवशीही गेली.

लग्नानंतर तीन महिन्यांनी आम्ही दोन दिवस उस्मानाबादला गेलो. फिरायला म्हणूनच. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. सकाळी दोघांत मिळून एक बादली पाणी मिळालं. लेणी बघितली, परत येताना हॉटेलात भजी खाल्ली. शकूनं जिल्ह्याचं गाव पहिल्यांदाच बघितलं होतं. संध्याकाळी एका फोटो स्टुडिओच्या काचेपुढं ती थांबली. आत जोडप्यांचे फोटो मांडले होते.

"आपण काढू या की."

"दिखाऊपणा आहे हा," मी म्हणालो.

"सभेत तुमचा फोटो निघतो तवा दिखावा न्हाय. माझ्यासंगट निघाला की दिखावा व्हय?"

आत गेलो. स्टुडिओवाले चाचा साठीच्या पुढचे होते. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं. "आज न्हाय. उद्या अकराला या. छपरातनं उजेड तवा सरळ उतरतो. तीन पोझ काढू. आन् बेटी, जेवून या. उपाशी माणूस फोटोत बी उपाशीच दिसतो."

दुसऱ्या दिवशी अकराला गेलो. गिऱ्हाइकांसाठी खुंटीवर एक कोट टांगलेला होता. मी तो घालायला नकार दिला. चाचा म्हणाले, "नका घालू. कोटालाच बरं वाटंल, रोज नवा माणूस सोसतो बिचारा." शकू इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मागं रंगवलेला पडदा होता — झाडं, कठडा आणि काठोकाठ भरलेलं तळं.

"चाचा, एवढं पाणी कुठलं वो?"

"रंगाचं हाय, बेटी. घागर आणली असशील तर परत ने."

दोन पोझ झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि शकूला माझ्या उजव्या अंगाला उभं केलं. "हात ठेव की खांद्यावर. तुझाच माणूस हाय, मुन्शिपाल्टीचा न्हाय." तिनं हात ठेवला. माती वाहून खरखरीत झालेला तो हात सदऱ्यातूनही जाणवत होता. चाचा काळ्या कापडाखाली गेले. "हलू नका..."

परतताना स्टँडवर तिनं विषय काढला.

"एक ऐकाल का? ह्यो फोटो कुठं छापायचा न्हाय. तुम्ही सगळं लोकांना देऊन टाकता. एवढं एक आपलं राहू द्या. आन् आण्णांनी काय सांगितलंय, तुम्हाला ठावं हाय."

मी म्हणालो, "दिला शब्द."

फोटो आले. तिसरा सगळ्यांत चांगला आला होता. तिनं तिन्ही आईनं दिलेल्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले.

पुढच्या लग्नसराईत मी तो शब्द मोडला. बाहेर जनावरं मरत होती आणि लोक मुहूर्त धरून बँड लावत होते. मी 'मुहूर्ताविना संसार' नावाचं पत्रक लिहिलं. मला वाटलं, नुसत्या शब्दांनी होणार नाही. मुहूर्ताशिवाय लग्न करूनही धडधाकट असलेलं जोडपं लोकांना दिसलं पाहिजे. तत्त्वापुढं एका घरातली नाराजी किती मोठी? असंच वाटलं मला. शब्दशः असंच.

शकूच्या ट्रंकेला मी हात लावला नाही, तेवढी लाज होती. उस्मानाबादला जाऊन चाचांकडून तिसऱ्या फोटोची आणखी एक प्रत मागितली.

"बेटीला ठावं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

सोलापुरात त्या फोटोचा ब्लॉक, म्हणजे छापायचा जस्ताचा ठसा, करून घेतला. ब्लॉकमध्ये चित्र उलटं असतं. मी भिंगाखाली नीट बघितलं — शकू होती. खांद्यावरचा हातही होता. ब्लॉक आणि मजकूर उस्मानाबादच्या छापखान्यात दिला. मजकुरात यावेळी शकूचं नाव घातलं नाही, 'माझी पत्नी' एवढंच लिहिलं. त्यानं शब्द थोडा पाळल्यासारखं वाटलं.

छपाई झाली तेव्हा मी जळकोटला होतो. आठवडी बाजार होता. एक सोबती गठ्ठे घेऊन परस्पर तिथं उतरला आणि आम्ही लगेच वाटायला लागलो. मी एकही पत्रक उघडून बघितलं नाही. मजकूर पाठ होता, फोटो पाठ होता. दुपारपर्यंत बरीच पत्रकं गेली. काही लोहाऱ्याकडच्या, माकणीकडच्या माणसांच्या हातातही गेली. मी जाताना बघितली.

मग चहाच्या हॉटेलात एकानं हाक मारली. "ओ पत्रकवाले! लगीन केलं म्हणता, नवरी कुठं पळाली?"

दुसरा म्हणाला, "दुष्काळ हाय बाबा. लगीन बी एकट्यानंच उरकलं आसंल."

सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विचारांची टिंगल चाललीय. मी उत्तर द्यायला उठलो, पुरावा म्हणून पत्रक उघडून समोर धरलं... आणि स्वतःच बघितलं.

फोटोत मी खुर्चीवर बसलो होतो. एकटा.

शकू नव्हती. शाई कमी लागली, फोटो उडाला, असं नव्हतं. ती जिथं उभी होती तिथं पायऱ्या होत्या. तळ्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, स्वच्छ छापलेल्या. मी मोजल्या. पाच. माझ्या उजव्या खांद्यावर काहीच नव्हतं, फक्त सदरा तेवढा किंचित दबलेला दिसत होता.

मी उरलेला गठ्ठा सोडून बघितला. सगळ्या पत्रकांत तेच.

घाबरलो का, असं विचाराल. नाही.  मी चहा पूर्ण प्यालो. शेवटची एस.टी. धरून तामलवाडीला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात गेलो.

मशीनवर सखाराम नावाचा माणूस होता. वीस वर्षं तेच काम करत होता. त्यानं ब्लॉक काढून माझ्या हातात दिला. मी भिंगाखाली धरला. ब्लॉकमध्ये शकू होती. पदर, हात, सगळं.

"आता माझ्यासमोर छाप," मी म्हणालो.

त्यानं ब्लॉक बसवला, शाई दिली, कोरा कागद घातला, मशीन मारलं. कागद निघाला. मी एकटा, आणि पाच पायऱ्या. सखारामनं ब्लॉकखाली पुठ्ठा घालून बघितला, शाई बदलून बघितली. चार वेळा छापलं. मग त्यानं हात पुसले.

"साहेब, जे ब्लॉकात न्हाय ते कागदावर येतंय. हे माझं काम न्हाय. ब्लॉक घिऊन जावा."

तिथून स्टुडिओत गेलो. चाचा जेवत होते. मी सरळ आतल्या पडद्याकडं गेलो. खुर्चीच्या उजव्या अंगाला, शकू जिथं उभी होती बरोबर त्याच्या मागं, पायऱ्या रंगवलेल्या होत्या. फोटोत त्या शकूच्या आड गेल्या होत्या. कॅमेऱ्याला त्या दिसणं शक्य नव्हतं, आणि जे कॅमेऱ्यात नाही ते ब्लॉकमध्ये कुठून येणार? तरी मी मोजल्या. पाच.

चाचांना पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग एवढंच विचारलं, "बेटीला ठावं नव्हतं ना?"

मी पत्रकाची घडी घातली. त्यांनी पुन्हा ताट पुढं ओढलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा शकू मिलो निवडत बसली होती. दुष्काळात रेशनवर मिळणारी ती तांबडी ज्वारी. मी पत्रक तिच्यापुढं ठेवलं. तिनं वरची ओळ वाचली, मग फोटो बघितला. पायऱ्यांवरून एक बोट फिरवलं.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तू काही केलंस का?" मी... इतकी पत्रकं लिहिलेला मी... हे विचारलं.

"मी काय करणार? मी तळ्यावर माती वाहत होते." आणि ती पुन्हा निवडायला लागली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मामा आले. लग्नानंतर पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं.

"बाजारात एकानं दिलं. म्या म्हटलं, आता ह्यात पोर आसंल. बघितलं तर न्हाय. नाव बी न्हाय." त्यांनी ते पुन्हा घडी करून खिशात घातलं. "जावईबापू, माझ्या शब्दाचा मान राखला तुम्ही. म्या तुम्हाला वळखलं न्हाय."

शकू आतल्या दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'मामा, मी छापला होता.' चार शब्द. आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून सांगत आलो आणि ते चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी म्हणालो, "आत या, मामा. चहा घ्या."

ते आत आले. शकूनं त्यांच्या पाया पडून चहा टाकला. त्या वर्षी ती नागपंचमीला माकणीला गेली, पुढंही जात राहिली. मामा गावात माझं नाव अभिमानानं घ्यायचे.

या गोष्टीला सात वर्षं झाली. शकू माझ्याशी नीट वागते, बोलते, थट्टाही करते. ते तीन फोटो तिच्या ट्रंकेत आहेत. तिनं मला ते पुन्हा दाखवले नाहीत. तिसऱ्या फोटोत मी अजून आहे का, हे विचारायची मला हिंमत झालेली नाही.

दोन महिन्यांपूर्वी मामा गेले. दहाव्याला माकणीत होतो. मामांची एक म्हातारी चुलत बहीण शकूजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या दादल्याच्या कागदातला फोटो म्या अजून ठिवलाय गं. त्येच्या खांद्यावर हात ठिवून काय झाक दिसतीस! तुझ्या बापाला मातर दावला न्हाय. उगं तुझं म्हायार तुटलं आसतं."

मी पुढं होऊन म्हणालो, "आत्या, मला दाखवता का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला कशाला रं?"

दाखवला नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. ब्लॉक एक, मशीन एक, माणूस एक. तो ब्लॉक आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि त्यात शकू आहे. मी तो पुन्हा छापून बघितला नाही. बघणारही नाही.

हे लिहायच्या आधी मी शकूला विचारलं. यावेळी खरंच विचारलं. ती म्हणाली, "लिहा. आता आण्णा न्हाईत. माझं नाव बी लिहा. फकस्त फोटो देऊ नका. आन् लोकांकडं माझे जे फोटो गेलेत, ते माघारी मागा."

म्हणून मागतोय. 'मुहूर्ताविना संसार' हे पत्रक तुमच्याकडं, वडिलांच्या कागदांत, एखाद्या पोथीत घडी होऊन पडलं असेल, तर उघडून बघा. त्यात मी एकटा बसलेला दिसलो तर चुलीत घाला. पण माझ्या शेजारी, खांद्यावर हात ठेवून, एक बाई उभी दिसली, तर कुणाला दाखवू नका. पाकिटात घालून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर माझं नाव घालू नका. 'शकुंतला' एवढंच लिहा. पाकीट तीच उघडेल.