तीन ताव

सायलेन्सर घासून झाला की मावशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत आणि जवळ येणाऱ्याला आधीच बजावत, "बोट लावू नका. बोटाचं तेल बसलं की रंग धरत न्हाई." पहिल्या खेपेला माझं बोट लागलंच. त्यांनी थिनरचा बोळा उचलला आणि अख्खी नळी पुन्हा पुसली.

तुमच्याही गावात पत्र्याची अशी एखादी शेड असेल. सेनगावजवळच्या गोरेगावातली ही शेड त्यांच्या नवऱ्याची. तो गेल्यावर वेल्डिंगची कामं दुसरीकडे गेली. गंज खरवडून सायलेन्सर रंगवणं कुणालाच नको होतं, ते त्यांनी धरलं. रोज सकाळी तांड्यावरून चालत येत, साडीवर नवऱ्याचा खाकी सदरा चढवत, नाकाला पदर बांधून तारेचा ब्रश हातात घेत.

हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तापून होतो. गाडी थोडा वेळ चालू ठेवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, मग जरा जास्त वेळ, पुन्हा थंड, मग तिसऱ्यांदा. याला त्या ताव म्हणत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्याच्यापुढे लसणाचे गड्डे ठेवत. "सोला. बसून काय करून राहिले?" शाळेत शिकवून परतताना मीही तिथे वाचत, सोलत बसायचो; माझ्या कितीतरी पुस्तकांना अजून लसणाचा वास आहे.

एका बाजाराच्या दिवशी सेनगाव लाइनचा एक जीपवाला दुसऱ्या तावानंतर उठला.

"मावशी, स्टँडवर पाशिंजर खोळंबलं, सीटा सुटून राहिल्या माझ्या."

"एक ताव राहिला, लेकरा. न्हेऊ नको."

त्याने नेली. भरलेली जीप घेऊन दिवसभर पळवली. मी तिथेच लसूण सोलत बसलो होतो.

आठ दिवसांत रंगाला फोड आले आणि पापुद्रे सुटले. स्टँडवर तो सगळ्यांना वाकून दाखवायचा, "बाईच्या हातचं काम, दुसरं काय व्हनार!" लोक हसायचे. एकदा तो हे बोलला तेव्हा मी त्याच्याच जीपमध्ये बसलो होतो. मी पुस्तक उघडलं.

जीपवाले यायचे थांबले. पुढचे दोन-तीन महिने शेडमध्ये एखादी मोटारसायकल दिसली तर दिसली. मग एके सकाळी मावशी रंगाचा डबा, ब्रश घेऊन थेट स्टँडवर त्या जीपवाल्यापुढे आल्या.

"काढ सायलेन्सर. इथंच रंगवते, समद्यांसमोर."

"अन् फिरून उडाला तर?"

"शेड बंद करते. टिकला तर मात्र इथंच हुभं राहून सांगायचं, चूक कुणाची होती."

"काढ ना बे, भेला का?" बाकीचे ड्रायव्हर ओरडले. त्याने काढला.

मावशींनी घासला, पुसला, रंगाचे पातळ हात मारले. सायलेन्सर परत बसल्यावर एकेक ताव झाला की जीपची किल्ली काढून त्या पदराला गाठ मारून ठेवत. त्या दिवशी जीपची एकही फेरी झाली नाही.

पावसाळाभर चिखलपाण्यातून जीप पळाली. रंग हलला नाही. कामं परत आली, उलट वाढली. तो मात्र काही बोलला नाही.

मी गेलो की मावशी विचारत, "सर, तुमी स्टँडवरून येता. बोलला का तो?"

"नाही."

"बोलंल," म्हणत त्या पुन्हा घासू लागत. गाडी त्याने नेली तेव्हा मी तिथे होतो, हे त्यांना ठाऊक होतं. "मग तुमी सांगा," असं त्या मला कधीच म्हणाल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात थोड्याशा आजारपणात त्या गेल्या. त्याच आठवड्यात मी स्टँडवर गेलो. जीप निम्मी भरली होती, तो काच पुसत होता. मी दाराशी उभा राहिलो आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "तिसऱ्या तावाआधी गाडी तुम्ही नेली होती. मी समोर होतो. मावशींच्या कामात खोट नव्हती."

फडकं थांबलं. तो म्हणाला, "व्हय. न्हेऊ नको म्हणली होती. मीच न्हेली."

आत बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मंग इतके दिस काहून गप होते?"

ती आम्हा दोघांपैकी कुणाला विचारत होती, ते कळलं नाही.