गोदाअक्काची चौकशी

गोदाअक्काची बातमी जालन्याहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं वडीगोद्रीच्या शाळेत आणून दिली. मी चौथीला भागाकार शिकवत होतो. आदल्या दिवशीच बहिणीला दवाखान्यात भेटून आलो होतो, त्यामुळं तो दारात उभा राहिला तेव्हाच समजलं. पण निरोप पुरा सांगितल्याशिवाय त्याला चैन पडेना. "झोपंतच गेल्या म्हने गुरुजी. शांत." पुढं तेरा दिवस जो भेटायला आला त्यानं हेच ऐकवलं आणि अक्का भाग्यवान असल्याचा निर्वाळा दिला. मी मान डोलवत राहिलो. शांत झोपेवरचा तिचा विश्वास अकरा वर्षांपूर्वीच उडाला होता, हे त्यांना कशाला सांगायचं...

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तीर्थपुरीला दिलेली. तिचे सासरे आबासाहेब हे गावातलं मोठं प्रस्थ. निजामाचं राज्य गेलं तसा त्यांनी पटका उतरवून पांढरी टोपी घातली, आणि टोपीबरोबर भाषणंही आली. त्यातलं गाजलेलं भाषण बाळगोळीवरचं. आमच्या भागात बाया रानात जाताना तान्ह्या लेकराला मोहरीएवढी अफू चाटवायच्या, म्हणजे ते कामाच्या वेळात उठत नसे. काही लेकरं नंतरही उठत नसत. आबासाहेब याविरुद्ध पारावर तासभर बोलले, आणि माझा भाषणांवर फारसा लोभ नसला तरी सांगायला हवं, की त्यातला शब्दन् शब्द खरा होता. शेवटी त्यांनी घरातली बाळगोळीची डबी चारचौघांसमक्ष विहिरीत टाकली. मोठ्यांच्या सांधेदुखीची अफू वेगळी होती. ती कपाटात राहिली.

त्याच वर्षी अक्काला पहिली मुलगी झाली. आमची आई हयात नव्हती, म्हणून ते बाळंतपण सासरीच झालं. पंधराव्या दिवशी अक्काच्या डाव्या थानात गाठ झाली, ताप भरला. पदर लागला तरी ती कळवळायची. दोन दिवस तिनं दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी आबासाहेबांना बघवेना. माणूस मायाळू होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी कपाट उघडलं आणि सकाळ-संध्याकाळ गुळातून हरभऱ्याएवढी अफू सुनेला द्यायला सांगितली. गोळी लेकराला द्यायची नाही असा त्या घराचा नियम होता, आणि तो कुणी मोडला नाही.

अक्काचं दुखणं थांबलं. पोरगीही गप्प झाली. मी भेटायला गेलो तर आबासाहेब मला हाताला धरून पाळण्यापाशी घेऊन गेले. "बघा गुरुजी, गोळीवाचून कसं झोपून राह्यलंय! आन लोक म्हंतेत झोपत न्हाई." मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. मीही कौतुक केलं. आतल्या खोलीत अक्का गुंगीतच होती, तरी मला म्हणाली, "बापू, सकाळपून पेली न्हाई रे ही. तोंडात देते तर ओढतच न्हाई." मी म्हणालो, झोपू दे तिला, तूही जरा पड. एवढं शहाणपण सांगून मी चहा प्यायलो आणि गावी परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी हलवूनही उठली नाही.

आईनं घेतलेली अफू दुधातून उतरते, हे अंबडच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आबासाहेबांनी कपाटातली अफू फेकली, यावेळी कुणाला न बोलावता. पारावर ते पुन्हा बोलले नाहीत. अक्का मात्र बोलायला लागली. पुढं तिला दोन मुलगे झाले, ते जगले. पण त्या पोरीचं नाव तिनं कधी घेतलं नाही. गावात कुणी बाळंत झाली, की ही तिच्या उशाशी हजर. तू दुखण्यावर काय घेतलंस, लेकरू कितीदा पेलं, हाक मारल्यावर डोळे उघडतं का. जात-पात, पेठ-गल्ली काही बघायची नाही. बाजारातल्या मारवाडी शेठाणीपासून वाडीवरच्या मजूर बाईपर्यंत सगळ्यांना तेच विचारायची. बाया तिला मागं 'फौजदारीण' म्हणायच्या. तोंडावरही म्हणायच्या.

पण या फौजदारकीला दुसरी बाजू होती, ती माझ्या घरातच दिसली. माझा धाकटा झाला तेव्हा अक्का मदतीला आमच्याकडं आली होती. बायकोच्या थानाला तशीच गाठ आली, तसाच ताप. मी तालुक्याहून पांढऱ्या गोळ्या आणल्या, त्या अक्कानं हिसकावून घेतल्या. कसलीच गोळी नको, दुधात उतरंल, सोस. बायको म्हणाली, "वन्सं, मला सहन होत न्हाई, मी आता याला घेतच न्हाई." आणि तिनं लेकराला पाजणंच बंद केलं. ते उपाशी रडायला लागलं, गाठ आणखी घट्ट झाली, आणि अक्का दाराशी गोळ्यांची पुडी मुठीत धरून बसून राहिली. या दोघींच्या मधे लेकरू वाळत चाललं होतं.

मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं, वाटेत अक्काच्या पोरीचं सगळं सांगितलं. शांत, सावळ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी अक्काच्या मुठीतली पुडी मागून घेतली, वास घेतला, आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. ही अफूच्या जातीची नव्हे, म्हणाल्या. हिचं दुधात फार थोडं उतरतं. लेकराला पाजून झालं की एक घ्यायची, सांगितलं तेवढीच, आणि जोडीला दुसरं काही, खोकल्याचं औषधसुद्धा, विचारल्याशिवाय नाही. पाजणं बंद करायचं नाही, दूध तुंबलं तर गाठ वाढते. गाठीसाठी इंजेक्शन मी देते. लेकरू मात्र बघत राहायचं. सुस्तावलं, ओढेनासं झालं, तर थांबायचं नाही, तडक दवाखान्यात.

"बघायचं काम माझं," अक्का म्हणाली.

मग तिनं जमिनीतली फट बोटानं कोरली. "बाई, मी तवा दुखनं सोसलं असतं, तर..."

"तुमचं दुखणं खरं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "औषध घेतलं यात चूक नाही. चुकीचं औषध मिळालं."

बायकोनं गोळी घेतली, तासाभरानं घाम येऊन ताप उतरला, आणि तिनं लेकराला जवळ घेतलं. अक्का समोर बसून त्याचे घोट ऐकत होती.

गेल्या साली अक्काच्या पोटात गाठ निघाली. जालन्याला नेली तेव्हा वेळ टळून गेली होती. दुखणं भयंकर, आणि ती इंजेक्शन घेईना. डॉक्टर म्हणाले, अफूच्याच जातीचं आहे, पण आता यांना तेच लागू पडेल. लहानग्या मुलांनी विनवलं, मी विनवलं. ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं बघत राहायची. नर्सबाईंचे शब्द तिला पटले होते की नाही, मला कधी कळलं नाही.

मी शेवटचा गेलो त्या दिवशी समोरच्या खाटेवर एक नवी बाळंतीण आली होती, पोट फाडून बाळंत केलेली. सिस्टर ट्रे घेऊन आल्या तशी अक्कानं माझी बाही ओढली. "आधी तिला इचार. दुखन्यावर काय देऊन राह्यले तिला. तिच्या अंगावर लेकरू हाय."

परक्या बाळंतिणीला असलं काही विचारायला जाणं मला जड गेलं, पण गेलो, आणि औषधाचं, लेकरू कितीदा पेलं त्याचं, सगळं अक्काच्या नावानं विचारलं. सिस्टरनं सांगितलं, डॉक्टरांना माहीत आहे, जपून देतोय, लेकराकडं लक्ष आहे. परत येऊन मी अक्काला सगळं बोललो. तिनं ते ऐकून घेतलं. मग बाही वर केली.

"मंग दे मला. माझ्या अंगावर आता कोन पिऊन राह्यलंय?"

अर्ध्या तासात तिचे गुडघे सरळ झाले. कित्येक आठवड्यांनी ती पाय पसरून निजली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा निरोप ऐकून मी जालन्याला पोचलो तेव्हा खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवली होती. मी तिथंच उभा राहिलो. समोरच्या बाईनं पदर सावरला, माझ्याकडं न बघता लेकराच्या टाळूवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "भाऊ, तीनदा पेलं बरं का हे, पहाटंपासून."