गुलाबभाऊंची जमा बंदूक

रानडुक्कर सरळ माझ्यावर आलं आणि गुलाबभाऊ मध्ये पडले. हातात नुसती काठी. त्यांनी मला बांधावरून खाली ढकललं. वर पाहिलं तर डुकराने त्यांची मांडी फाडली होती आणि ते ओरडत होते, "आक्का, उटू नको!"

गुलाब मुलाणी आमचे शेजारी. कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूला, त्यांच्या आणि आमच्या भातात एकच बांध. त्यांच्याकडे वडिलांपासूनची बारा बोअरची बंदूक होती, पीक राखायला सरकारनेच परवाना दिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ठाण्यातले साहेब लोक स्वतः चौकशी करायचे, "बंदूक चालू आहे ना, मुलाणी?" भात पिकलं की भाऊ हवेत बार काढायचे आणि डुकरं डोंगराला पळायची. दसऱ्याला माझी सासू त्या बंदुकीला हळदकुंकू लावायची. भाऊ हसायचे. "लाव मावशी. आमच्यात चालत न्हाई, पर तिला चालतंय."

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची. हा माणूस निरोपाची वाट बघायचा नाही. इस्त्रीचे कपडे घालून, बंदूक पोत्यात गुंडाळून, पहिल्या एसटीने जायचा. गावच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकणारा एक जण होता. मी एकदा म्हटलं, "त्या प्लॉटवाल्याचं पिस्तूल कमरेलाच हाय. तुमालाच लय घाई."

"सरकारचा इस्वास हाय म्हणून बंदूक हाय, आक्का. मागायच्या आत दिली की इस्वास ऱ्हातो."

शेवटच्या खेपेला निकाल लागला, गुलाल उधळला. प्लॉटवाल्याने मिरवणुकीत पिस्तुलाचा बार काढला, पोलीस बघत उभे होते. भाऊंची बंदूक मात्र परत मिळाली नाही. नवे साहेब म्हणाले, "आता शेतकऱ्याला बंदूक कशाला? नुकसान झालं तर भरपाई मागा." भाऊ घरी आले ते कपडे न बदलताच ओट्यावर बसले. "आक्का, मी काय केलतं गं?"

भात तर उभं होतं. ते काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन राखणीला जाऊ लागले. त्या सकाळी मी विळा घेऊन कापणीला गेले, आणि डुक्कर आमच्याच खाचरात निघालं.

माझं माहेर कधीच संपलं, नवरा गेला. मला आक्का म्हणणारे तेवढे एकच उरले होते. अजून बांधावर कुणी खाकरलं तरी मी मागे बघते.

त्यांना जीपमध्ये घालून तळेगावला नेलं. पोचायच्या आत ते गेले. डुक्कर डोंगरात गेलं. मी जगले.