आजारांचा हर्रास

अकोल्याच्या बाजारात आबाजी हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे, तेव्हा भाव तुरीला नव्हे, त्यांच्या आवाजाला मिळायचा. हे मी ऐकीव सांगतो, पण शपथेवर सांगतो. मला ते भेटले अमरावतीत, मेंदूची जुनाट दुखणी असणाऱ्यांच्या आमच्या रविवारच्या गटात. त्यांना कंपवात, मला मिरगी. कंपवाताने त्यांचा हात धरला होताच, आता तो गळ्याकडे सरकत होता, आणि आबाजींना भीती तेवढी त्याचीच. "हात हालते त हालू दे, बापू. आवाज गेला त आबाजी कोन?"

गोल बसून प्रत्येकाने मन मोकळं करावं, ही समुपदेशक बाईंची पद्धत. आबाजींना ते रडगाणं वाटलं. त्यांनी थेट आजारांचा हर्रास काढला. बोली पैशांत नाही, स्वतःच्या आजारात लावायची. आणि आवाज समोरच्या भिंतीवर आदळला नाही तर बोली बाद. बाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग सगळ्यांचेच बसलेले गळे उघडताना पाहून त्याही बोली लावू लागल्या, अर्धशिशीची.

मी पहिल्या दिवशी भाषण घेऊन गेलो होतो. मिरगीवाल्याच्या नाकाला चप्पल लावणाऱ्या समाजाला जाब विचारणार होतो. आबाजींनी मला मधोमध उभं केलं. "घ्या वो, तरणी मिरगी! माल गावरान, जीभ लय तेज! कोन बोलते?"

"माहे दोन्ही पाय ताठ, वरून बद्धकोष्ठ!" दर्यापूरच्या काकू गरजल्या.

"चप्पल हुंगा लागन, काकू," मी बजावलं.

"मंग नोको बा! माहं मले बरं!"

एक बार, दोन बार, तीन बार. सौदा कधीच व्हायचा नाही. ज्याचा माल त्याच्या पदरात परत. पण चारचौघांनी उलटून-पालटून पाहिलेला माल घरी नेताना हलका लागतो. हे मला कुठल्याही पत्रकाने शिकवलं नव्हतं.

यंदा आबाजींचा आवाज फार खाली गेला. एका रविवारी त्यांनी पुकारा केला आणि तो शेजारच्यालाही ऐकू आला नाही. त्यांच्याच नियमाने बाद. ते मान खाली घालून बसले. तेव्हा काकूंनी ताठ पायांनी आपली खुर्ची रेटत त्यांच्याजवळ आणली.

"भिंतीले काय आयकवता? आमाले सांगा."

मग सगळ्याच खुर्च्या सरकल्या. आता आमचं रिंगण एवढं लहान झालंय की गुडघ्याला गुडघा लागतो. आबाजी कुजबुजत भाव पुकारतात, आम्ही कान देऊन बसतो. आणि मधेच कुणाचा तरी गुडघा कापू लागतो, कुणाचा ते ओळखू येत नाही.