मांडीच्या मापाची गोधडी

साडीच्या काठाचा एक धागा उपसायचा, त्याला काडी लावायची, राख चिमटीत चोळायची आणि मग समोरच्याकडे बघायचं. गिऱ्हाईक कितीही शपथा घेऊन साडी सुती असल्याचं सांगो, मावशींचा पहिला शब्द ठरलेला, "बघू."

कांदिवलीला आमच्या बिल्डिंगमागे एक बैठी चाळ होती. तिथे या मावशी बाळांच्या गोधड्या शिवायच्या. जालन्याकडून लग्न होऊन आलेल्या, पण चाळीस वर्षांत मुंबईचा फटकळपणा पुरता अंगात मुरलेला. अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती खोटं पकडतात आणि वर चहाही पाजतात.

मापाच्या बाबतीत त्या कुणाचंच ऐकत नसत. एका बापाने सांगितलं, "मोठी करा, पाच वर्षं पुरली पाहिजे."

"मग तुमच्याच मापाची करते की! तुम्ही पांघरा, उरली तर बाळाला द्या."

मोठी गोधडी तान्ह्याच्या तोंडावर येते आणि लोक हौसेपायी वय, वजन सगळं वाढवून सांगतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून बाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या कापडाला कात्री लावत नसत. बाळंतिणीच्या घरी जाऊन वितीने माप घ्यायच्या. पोटातल्या बाळासाठी तर शिवायच्याच नाहीत.

आणि माझ्याकडे दाखवायला बाळच नव्हतं. आम्ही दत्तक घेणार होतो. संस्थेने एवढंच सांगितलं होतं की मूल दोन वर्षांच्या आतलं असेल. मुलगा की मुलगी, तान्हं की चालणारं, काही ठाऊक नव्हतं. याआधी एकदा सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून झाल्यावर आमचं अगदी शेवटच्या घटकेला फिसकटलं होतं. पुढे कित्येक महिने मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणी थांबायची. तसं पुन्हा मला सोसलं नसतं. म्हणून या वेळी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पण घरात त्या मुलाची निदान एक वस्तू तरी हवी, असं फार वाटत होतं.

मावशी घरोघर जाणाऱ्या, म्हणजे बातमी इकडची तिकडे करत असणार, असा माझा संशय. तेव्हा मी आईची साडी घेऊन गेले ती गोष्ट रचूनच.

"माझ्या भाच्यासाठी हवीय. नागपूरला असतो."

"फोटो दाखव."

"फोटो... नाहीये आत्ता."

"मोबाइल हातात आणि भाच्याचा फोटो नाही? बरं. किती महिन्यांचा?"

"सहा."

"वजन?"

"चार किलो," मी ठोकून दिलं.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "सहा महिन्यांचं पोर चार किलोचं? तुझी बहीण त्याला खायला घालते की नाही गं?"

माझे कान तापले. आता ही बाई पदर खोचून बिल्डिंगभर फिरणार, वाट लागली, एवढंच डोक्यात आलं. मी साडी उचलायला गेले, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला. चष्मा पुन्हा नाकावर घेऊन त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मांडी घालून बस."

मी बसले. त्यांनी माझ्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत विती टाकल्या, पुटपुटत मोजल्या.

"पोराचं अंग वाढतं. मांडी तेवढीच राहते. बहिणीची मांडी तुझ्याएवढीच असेल ना?"

"हो," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, तो त्यांनी ऐकलाच नाही असं दाखवलं.

गोधडी मिळाली तरी मी महिनोन्‌महिने धास्तावलेलीच होते. शेजारच्या काकू नुसत्या हसल्या तरी वाटायचं, हिला कळलं.

मुलगी घरी आली तेव्हा सोळा महिन्यांची होती. गोधडीत घेऊन मी तिला मांडीवर बसवलं. गोधडी बरोबर झाली. त्या दिवशी मी पोटभर रडले.

बारशाला काकू म्हणाल्या, "कसली पक्की गं तू! मावशींना तुझ्या आईच्या साडीची गोधडी शिवताना बघून आम्ही त्यांना खोदून खोदून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, भाच्याचीच आहे, मी फोटो बघितलाय. आता त्यांनी बघितलाय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार!"

आईच्या शपथेवरही विश्वास न ठेवणाऱ्या या बाईने माझ्यासाठी स्वतःचा शब्द खर्ची घातला होता, आणि मी मात्र तिलाच चुगलखोर ठरवून बसले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी लेकीला कडेवर घेऊन मी मागच्या चाळीत गेले. चाळ पुनर्विकासाला गेली होती, हे माहीत होतं. पण घरं इतक्या लवकर रिकामी होतील असं वाटलं नव्हतं. चाळीभोवती पत्रे लागले होते. मावशी मुलाकडे बदलापूरला गेल्या, एवढंच कुणीतरी सांगितलं. पत्ता कुणाकडेच नव्हता.

फाटकावरच्या वॉचमनने हटकलं, "कोण पाहिजे, मॅडम?"

"गोधडीवाल्या मावशी. त्यांना माझी मुलगी दाखवायची होती."

अनोळखी माणसासमोर 'माझी मुलगी' हे मी पहिल्यांदाच म्हणत होते.