घरचा पाव

माझं लग्न होईपर्यंत आमच्या घरात बेकरीचा पाव आला नाही. पाव नाही, खारी नाही, टोस्ट नाही. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तसा नियमच होता. लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं दुकान. आम्ही शैव, गळ्यात लिंग बांधणारे. पण पाव न खाण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. काका, आत्या, कागलची मावशी, सगळे खुशाल पाव खायचे. नियम एकट्या अप्पांचा होता. पावात यीस्ट असतं, यीस्ट म्हणजे जिवंत जंतू, आणि आपण जीव मारून खात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याशी वाद घालून पाहिला. दह्यातही जंतूच असतात, आंबोळीचं पीठ फुगतं तेही त्यांच्यामुळंच, असं सांगितलं.

"ते आपलं आपण आंबतंय," अप्पा म्हणाले. "हे बाहेरनं जीव आणून घालायचं. दोन्ही एक न्हवं."

मला ते अगदीच चूक वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या या हट्टाचा मला अभिमान होता. नियम पाळणारा माणूस म्हणून लोक त्यांच्याकडं बघायचे आणि मी त्या माणसाची मुलगी होते.

लहानपणी मात्र मला पाव हवा असायचा. डब्यात ब्रेड-जाम आणणाऱ्या मुलींकडं मी बघत बसायचे. अव्वानं, माझ्या आईनं, त्यावर तोड काढली. दोन वाट्या मैदा, मूठभर कणीक, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडा खायचा सोडा. मध्ये खड्डा करून त्यात आंबट दही घालायचं. दही सोड्याला लागलं की पीठ जिवंत झाल्यासारखं फसफसायचं. तेवढ्यातच ते गोळा करायचं. फार मळायचं नाही, मळलं की चिवट होतं. वरून तेलाचा हात, ओलं फडकं आणि अर्धा तास. मग जाडसर थापून तव्यावर टाकायचं आणि झाकण ठेवायचं. आत जाळी पडायची, वरून खरपूस डाग. आम्ही त्याला घरचा पाव म्हणायचो. शाळेतून येऊन मी हातपाय धुईपर्यंत अव्वाचं पीठ भिजवून झालेलं असायचं.

चौथीत माझी एक जिवलग मैत्रीण होती. दोन गल्ल्या सोडून राहायची. बौद्ध कुटुंब, वडील सरकारी कचेरीत, आई घरी शिवणकाम करायची. तिच्या वाढदिवसाला मी गेले. भजी होती, केळ्याचं शिकरण होतं आणि ब्रेडचे त्रिकोणी तुकडे होते, त्यांवर लोणी आणि साखर. मी तीन खाल्ले. घरी येऊन आनंदानं सांगितलंही.

अप्पा ओरडले नाहीत. मला मोरीत नेऊन त्यांनी चूळ भरायला लावली, पाच-सहा वेळा. मग अव्वाला सांगून डोक्यावरून आंघोळ घालायला लावली. संध्याकाळ झाली होती. केस वाळेनात म्हणून मी टॉवेल गुंडाळून बसले होते आणि आपल्या पोटात किती जंतू मेले असतील याचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी आत बोलावलं, तर दुकान उघडायचंय म्हणून दारातच उभे राहिले. आमच्यात यीस्ट चालत नाही, पोरीला कळलं नाही, तुमची काही चूक नाही, पण पुन्हा तेवढं नको, असं त्यांनी सांगितलं. इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की मैत्रिणीच्या वडिलांनीच हात जोडले.

त्यानंतर आठवड्याभरात तिची आई आमच्या दारात आली. यीस्टशिवाय पाव कसा करता, हे विचारायला. पोरीला पुन्हा बोलवायचं तर तिला चालेल असं काहीतरी करावं, असं तिच्या मनात होतं. अव्वानं उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. दही किती, सोडा किती, झाकून किती वेळ ठेवायचं. तिच्या आईनं ते वहीच्या फाटक्या कागदावर लिहून घेतलं. "आंबट दही न्हाय मिळालं तर लिंबू चालंल काय वो वैनी?" असंही विचारलं. मी अव्वाच्या मागं उभी होते. मला वाटलं, सुटलं सगळं.

रविवारी मैत्रीण बोलवायला आली. आईनं तुमच्यासारखा पाव केलाय, म्हणाली. अप्पा म्हणाले, परीक्षा जवळ आली आहे. परीक्षेला महिना होता. पुढच्या रविवारी आमच्याकडं पाहुणे येणार होते. त्याच्या पुढच्या रविवारी माझं अंग गरम लागत होतं, म्हणे. मग बोलावणं थांबलं. पाचवीला माझी शाळा बदलली. रस्त्यात भेटलो तर आम्ही हसायचो, पुढं तेही राहिलं नाही. मी त्याचा सगळा दोष यीस्टला दिला.

लग्नानंतरही मी नियम सोडला नाही. नवरा बाहेर पाव खायचा, घरात आणायचा नाही. मुलांच्या पिझ्झ्याला मी अव्वाचंच पीठ भिजवायचे. लॉकडाऊनमध्ये दुकानांतून यीस्ट मिळेना, तेव्हा आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका माझ्याकडं कृती विचारायला लागल्या. मी फोनवरून सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, आमच्या अप्पांमुळं शिकले. दर रविवारी अप्पांसाठी घरच्या पावाचा डबा भरून द्यायचे. अठ्ठ्याहत्तरीला आलेल्या माणसाला मऊ काहीतरी लागतं, आणि ते बेकरीचं खात नाहीत, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. लॅबमध्ये सकाळी सहापासून रक्त द्यायला रांग लागते. साडेआठला जरा उसंत मिळते. त्या दिवशी एका सहकारी बाईंनी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. दुकान जुनं, पण मी तिथं कधी गेले नव्हते. मी मिसळ नुसतीच खाते, ब्रेड परत करते.

दारातून आत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर अप्पा दिसले. पांढरा शर्ट, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. समोर दोन मित्र. अप्पांच्या हातात ब्रेडचा जाड तुकडा होता. तो त्यांनी मिसळीच्या कटात बुडवला, थोडा वेळ तसाच धरला आणि थेंब न सांडता तोंडात घातला. सवयीचा हात होता. वाढणाऱ्या माणसानं न विचारता त्यांच्यापुढं बशी ठेवली. "अप्पा, तुमचं कडंचं." पावाच्या दोन्ही टोकांचे कडक तुकडे होते ते. त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेले.

मी फोन विसरल्याचं सांगून बाहेर आले आणि पलीकडच्या पानपट्टीच्या आडोशाला उभी राहिले. दहा मिनिटांनी अप्पा रुमालानं तोंड पुसत बाहेर पडले आणि आपल्या धान्याच्या दुकानाच्या दिशेनं गेले. मग मी आत जाऊन गल्ल्यावरच्या मालकांना विचारलं, ते आत्ता गेलेले आजोबा नेहमी येतात का.

"अप्पा व्हय? रोजचं हायत की," ते म्हणाले. "मी शाळंत जात हुतो तवापास्नं बघतोय. माज्या वडलांचं गिऱ्हाईक."

मालक साठीचे असतील. मी शेहेचाळीसची.

मिसळ मी तशीच टाकली. दुपारी सुट्टी टाकून मी माहेरी गेले. अव्वा मेथी निवडत बसली होती. मी चप्पल काढता काढताच विचारलं, अप्पा बाहेर पाव खातात हे तुला माहीत होतं का. मला वाटलं होतं ती दचकेल. मग आम्ही दोघी मिळून चिडू.

"शर्टाला वास यायचा की कटाचा," ती म्हणाली. "खिशात चुरा असायचा. धुणं मीच धूत हुतो."

"कधीपासून?"

"माजं लगीन झालं त्या वर्सापास्नं."

ती मेथीच निवडत होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. मग माझ्याकडून चुळा भरून घेतल्या, डोक्यावरून पाणी घातलं, तेव्हा तू गप्प का राहिलीस, असं विचारलं. तेव्हा तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं जरा नवलानंच पाहिलं.

"ते यीस्टचं न्हवतंच, बाई. तुला अजून कळलं न्हाय व्हय?"

खरंच कळलं नव्हतं. सदतीस वर्षं मला कळलं नव्हतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी मी, आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या दिलेली ती कृती, दारात उभं राहून बोललेला तो मऊ आवाज, ती तीन रविवारची तीन कारणं, यातलं काहीही मला दिसलं नव्हतं.

मी अव्वाला विचारलं, मग तू मैत्रिणीच्या आईला पावाची कृती तरी कशाला सांगितलीस? मला त्यांच्याकडं पाठवायचंच नाही हे माहीत असताना?

"दारात आलती बिचारी. काय सांगणार हुतो तिला?" अव्वा म्हणाली. "आणि तू मागं हुबी हुतीस. तुज्यादेखत खरं बोलणार हुतो काय?"

मला अप्पांपेक्षा तिचा राग जास्त आला, आणि आजही येतो. अप्पांचं खोटं मी लांबून ऐकत होते. तिचं खोटं मी रोज संध्याकाळी गरम गरम, तूप लावून खाल्लं होतं.

अप्पा सात वाजता आले. मी थांबले होते. मी सकाळी त्या मिसळीच्या दुकानात होते, असं सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली.

"मग आत याचं न्हाय व्हय? बसली असतीस आमच्यात."

ते बिलकूल ओशाळले नाहीत. पुरुष माणूस बाहेर काय खातो ते घरात आणायचं नसतं, घराला वळण लागतं, तुम्ही सगळे निर्व्यसनी निघालात ते त्यामुळंच, असं बरंच काही बोलले. मी ऐकून घेतलं. मग मैत्रिणीच्या घराबद्दल विचारलं. तिच्या आईनं मुद्दाम शिकून बिनयीस्टचा पाव केला होता, तो का चालला नाही?

ते खुर्चीत बसले. बराच वेळ गुडघा चोळत होते.

"तवा तसंच हुतं सगळीकडं," म्हणाले. "तुजं लगीन जमवायचं हुतं फुडं."

"मी नऊ वर्षांची होते, अप्पा."

"नवाची एकोणीस व्हायला किती दिस लागत्यात?"

त्यांनी माफी मागितली नाही. मीही त्यांना ती मागायला लावली नाही. अव्वानं चहा आणून ठेवला, तो मी प्यायला नाही, एवढंच.

शाळेच्या जुन्या मुलींचा एक ग्रुप आहे, त्यातून मैत्रिणीचा नंबर मिळाला. आता ती सांगलीत मुख्याध्यापिका आहे. फोन करायला मला पंधरा दिवस लागले. काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं, पण फोन लागल्यावर ते काही वाचता आलं नाही. जसं आठवेल तसं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"आमच्या घरात तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझे वडील दारातून परत गेले आणि बाबा आत येऊन म्हणाले, आता ही पोर परत यायची नाही. आई म्हणाली, करून तर बघू. तिनं तीन रविवार केला. आम्हीच खाल्ला."

मी म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, तुलाही माहीत आहे," ती म्हणाली. "तू हसून पुढं जायचीस ना रस्त्यात. मला वाटायचं, हिलाही आता घरच्यांचं पटलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं मला माझ्या मुलांचं विचारलं, तिच्या मुलीचं सांगितलं. सांगलीला आलीस तर ये, म्हणाली. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझी फसवणूक झाली म्हणून मी पंधरा दिवस धुमसत होते. पण तिच्या आठवणीतल्या सदतीस वर्षांत फसवणारी मीच होते, आणि त्यातलं एक वर्षही आता मला बदलता येणार नव्हतं.

घरी मी कुणाला फारसं सांगितलं नाही. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की तुझे वडील मिसळीबरोबर पाव खातात हे मला ठाऊक होतं, तूही जाणतेस असं मी धरून चाललो होतो. म्हणजे त्यालाही. दुसऱ्या दिवशी तो ब्रेडचं एक पाकीट घेऊन आला. मुलांनी भाजून खाल्ला. मी अर्धा तुकडा खाऊन पाहिला. मला तो नुसता कापसासारखा लागला. रविवारचा डबा मी बंद केला. अप्पांनी तो का आला नाही हे विचारलं नाही. अव्वानं एकदा फोनवर विचारलं, पीठ भिजवायला वेळ मिळत नाही का. मी हो म्हटलं. मलाही तेवढं खोटं बोलता येतं.

या वैशाखात अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अव्वाचा हात थरथरतो, म्हणून लॅबमधून येता-जाता डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडं आलं आहे. ते पलंगावर उताणे पडतात. मी खालची पापणी बोटानं ओढते. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी लहानपणीही पाहिला नव्हता. थेंब पडला की ते ओठ घट्ट आवळतात, पण हूं की चूं करत नाहीत. मी "मिटा" म्हणते, ते मिटतात. पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतलं औषध घालायचं असतं. ती पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता घालवतो, आणि मग मी "उघडा" म्हणते.