तुळसा गुलमर्गला निघाली

आरोंद्याच्या खाडीकाठी तुळसा म्हणून एक बाई राहायची. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि नवरा बेपत्ता. बेपत्ता म्हणजे काय, तर मेला असं म्हणायचं नाही आणि आहे असं म्हणता येत नाही. पलटणीत होता तो, धोंडू त्याचं नाव. एकोणपन्नासच्या हिवाळ्यात काश्मीरला, गुलमर्गच्या वरच्या अंगाला, गस्तीवर असताना बर्फाचा कडा कोसळला. तिघे गाडले गेले, दोघे सापडले. तिसरा हिचा. रजेवर आलेल्या त्याच्या जोडीदाराने अंगणात उभ्या उभ्या एवढं सांगितलं आणि चहाही न घेता निघून गेला.

आपल्याकडची रीत अशी की माणूस सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि मसणात नेऊन जाळायचा. तोवर बायकोने कुंकू लावायचं. आणि तोवर तिने स्वतःच्या तोंडाने 'मेला' हा शब्द काढायचा नाही. काढला तर हिनेच त्याला मारला, असं गाव म्हणणार. कुंकू लाव म्हणून दटावणारा हाच गाव, आणि हळदीकुंकवाला तिला सगळ्यांच्या शेवटी, चिमटीभर, लांबून लावणाराही हाच! काय म्हणावं या लोकांना? तुळसा काही म्हणायची नाही. बारा वर्षं तिने दातांखाली शब्द धरून काढली.

बारावं वर्ष लागलं तसा थोरला दीर परशुराम विषय काढायला लागला. वाईट नव्हता बिचारा. पण त्याच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि सोयरे म्हणत होते, आधी तुमच्या घरातलं ते निस्तरा, मग मांडव घाला. एका संध्याकाळी तो तुळसाला म्हणाला, "पुतळो करूक व्हयो गो आता. आणि किती दिवस?"

"गवताच्या बाहुल्याक माझो घोव म्हणान जाळूचो नाय माका," तुळसा म्हणाली. "थंयचा कायतरी येवंदे. एक दगड तरी. मगे जाळा काय जाळायचा ता."

"थंयचा कोण हाडतलो तुका?" परशुराम म्हणाला. त्याचंही खरंच होतं. आरोंद्याहून पणजीला जायला तेव्हा पोर्तुगिजांचा परवाना लागायचा, तिथे काश्मीरहून कोण काय आणून देणार?

आणि त्याच वर्षी गणेशचतुर्थीला भाई आले. भाई म्हणजे वाडीतलेच, पण मुंबईला जहाजांना माल पुरवून गबर झालेले. वर्षातून दोनतीनदा बायकोला घेऊन गावी यायचे, आणि ते आले की त्यांची चूल तुळसा सांभाळायची. वहिनी, म्हणजे विमलावहिनी, मुंबईत वाढलेल्या. मालवणी त्यांना समजायची, पण जीभ लावायच्या नाहीत. त्या वर्षी त्यांच्या हातात गणपतीच्या आरतीचं पुस्तक कमी आणि एक रंगीत चोपडं जास्त. पडवीत बसून नवराबायकोचं एकच चाललेलं: जानेवारीत कुठलं हॉटेल, शेगडीची खोली मिळेल का, पठाणकोटपर्यंत आगगाडी, पुढे मोटार, शेवटी तट्टू. पायाला लाकडाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं म्हणे. त्याला शिकवायला मास्तर ठेवतात म्हणे. पट्ट्या भाड्याने मिळतात म्हणे.

तुळसा आत नारळ खवत होती. वहिनी म्हणाल्या, "गुलमर्गला उतार कसे मऊ असतात ना, पडलं तरी लागत नाही." तुळसाची बोटं खवणीवर गेली. खोबरं लाल झालं, ते तिने टाकून दिलं आणि दुसरा नारळ फोडला.

एके दिवशी तर भाईंनी लाकडी रिपांच्या दोन पट्ट्या पायाला सुतळीने बांधल्या आणि ओल्या शेवाळलेल्या अंगणात घसरायचा सराव केला! तुळसाने हात धरायचा. दोन पावलं गेले आणि ढोपरावर आपटले. वहिनी हसून हसून खांबाला टेकल्या. भाईही हसले. तुळसाने त्यांना उठवलं, ढोपर धुतलं, हळद लावली. मनात म्हणाली, माझ्या माणसाक गाडणाऱ्या बर्फावर हे खेळूक जातत. राग आला तिला, असा राग की हळदीची वाटी त्यांच्या तोंडावर मारावी. पण त्याच रात्री भाकऱ्या वाढताना तिने तोंड उघडलं ते भलतंच बोलायला.

"वयनीनू, माका घेवन चला. जेवण करून घालीन."

वहिनी भाईंकडे बघून म्हणाल्या, "खरंच की हो! तिथे सगळं मटण नाहीतर अंडी. हिच्या हातची कुळथाची पिठी असली तर बहार येईल. चल गं तुळसा, तूही बघ बर्फ."

"कित्याक येतंस गो? घसरूक?" भाईंनी थट्टा केली.

तुळसा हसली. आता इथेच सांगायचं ना बाई! माझा नवरा तिथे आहे, मला त्याच्यासाठी यायचंय, असं चार शब्दांत सांगायचं. पण कसं सांगणार? सांगायचं तर 'मेला' म्हणावं लागणार, तेही गणपती घरात असताना, सवाष्णीच्या तोंडाने. धोंडू सैन्यात आहे, गावी येत नाही, एवढंच भाईंना ठाऊक. बाकी त्यांनी कधी विचारलं नाही आणि गावानेही ते अभद्र त्यांच्या कानावर घातलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बर्फ बघूक व्हयो माका."

परशुरामाला तिने सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला, पण सोयऱ्यांकडे जाऊन लग्न वैशाखावर ढकलून आला. चार गोष्टी ऐकून घेतल्या त्याने. घरी आल्यावर म्हणाला, "जा. पण येताना कायतरी घेवन ये गो. माकाय बरा वाटात."

मग तुळसाने तयारी मांडली. वहिनींनी जाताना बजावलं होतं, तशी कुळथाची पिठी दळली, कोकमाची सोलं उन्हात घालून घालून काळी केली, खोबरं सुकवलं, बांगडे खारवले, मसाला कुटला. शिवाय स्वतःची तयारी. लोकरीचे कोट-मोजे आमच्याकडे कुणाकडे असणार? दिराची शेतातली घोंगडी तिने धुतली आणि तिचा कोपऱ्याचा फाटका भाग शिवला. शेजारणी विचारायच्या, खंय चललंस आणि कोणाबरोबर? ही म्हणायची, भाईंवांगडा, काश्मिराक. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला लोकांनी अंगणात बसायला पाट दिला.

डिसेंबरात भाई एकटे जत्रेला आले. परत जाताना तुळसाने गाठोडी बैलगाडीत भरली, घोंगडी काखेत मारली, देवाला नारळ ठेवला. परशुरामाच्या बायकोने तिची ओटी भरली. वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत ती भाईंसोबत गेली. आगबोट लांब उभी होती आणि उतारूंना न्यायला होड्या येत होत्या. हमालांनी पिठी चढवली, सोलं चढवली, बांगडे चढवले. तुळसा होडीत पाय टाकणार, तर भाई म्हणाले,

"अगो, तुका सांगूचा रवला. तुझा तिकीट नाय काडलंय. हॉटेलात खानसामे आसत, आणि वयनीची मैत्रीण येता आमच्यावांगडा. तू थंय थंडीन मरशीत गो!"

सांगायचं राहिलं! आरोंद्याहून वेंगुर्ल्यापर्यंत अख्खी वाट शेजारी बसून आला, हिने सोललेल्या संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, आणि सांगायचं राहिलं. गाठोडी बंदरापर्यंत आणून द्यायला माणूस हवं होतं, दुसरं काय!

तुळसा पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. तिने विनवलं नाही. म्हणाली, "भाईनू, मगे एक काम करा. थंयचो एक दगड माका हाडून दिया. बारको चलात. देवाक व्हयो."

"एक सोडून धा हाडतंय," भाई म्हणाले, आणि होडी गेली.

घोंगडी काखेत घेऊन ती परत आली. ज्यांनी पाट दिला होता त्यांनी काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. परशुराम मात्र म्हणाला, "दगड येता मां? मगे थांबया." आणि ते थांबले. पौष गेला, माघ गेला. मुलीचे सोयरे कुरकुरत होते. तुळसा रोज संध्याकाळी भाईंचं घर झाडून यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

शिमग्याला भाई आणि वहिनी आले. वहिनींचं नाक उन्हाने सोललेलं, गालावर लाली. पालखी दारात यायची म्हणून अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. तुळसा आली तशी वहिनी भरभरून बोलायला लागल्या. "अगं काय सांगू तुला! हे आधी बसूनच घसरले. आणि तुझी पिठी! हॉटेलातले लोक वास घेत यायचे. सगळी संपली बघ."

"भाईनू, माझो दगड?" तुळसाने विचारलं.

भाईंनी जीभ चावली. "राहिलाच की हो तिचा दगड," वहिनी म्हणाल्या. "अगं, पण तिथे सगळीकडे बर्फच. दगड दिसतोय कुठे?"

"थांब गो," भाई म्हणाले. पायरीवरून उतरले, अंगणाच्या कडेचा एक वाटोळा दगड उचलला, धोतराने पुसला आणि हसत हसत तिच्या ओंजळीत ठेवला. "घे. दगड तो दगड. देवाक काय समाजता, खंयचो तो?"

तुळसाने दगडाकडे बघितलं. मग ती खाली बसली. रांगोळीच्या मधोमध तो दगड ठेवला, डावा हात उचलला आणि त्यावर आपटला. मग उजवा. हिरव्या काचा सारवलेल्या जमिनीवर उडाल्या. मनगटातून रक्त यायला लागलं.

"अगं बाई! हे काय अभद्र!" वहिनी ओरडल्या. "सणाच्या दिवशी, माझ्या दारात! वेड लागलंय का तुला?"

तुळसाने पदराने कपाळ पुसलं. वाडीतल्या बायका कुंपणाशी आल्या होत्या, वेशीपर्यंत पोचलेल्या पालखीचे ढोल ऐकू येत होते.

"घोव मेलो माझो, वयनीनू," ती म्हणाली. "तुमी जंय घसरलास, थंयच."